जांभळ्याचं पिवळं हेलिकॉप्टर

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला एकच गोष्ट आलटून पालटून विचारलीत. जांभळ्याच्या पिवळ्या हेलिकॉप्टरचा खोका अजून कपाटात आहे ना, आणि आजी, तू तो उघडला तर नाहीस ना? तिकडे म्हणे अशा खोक्यांचे शौकीन असतात आणि नेमका हाच खोका त्यांना कुठे मिळत नाही. मी "बघते" म्हणाले आणि तुमच्या परीक्षांचा विषय काढला. खरं तर मला बघायची गरज नव्हती. माझ्या कपाटात कुठे काय आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं, हवं तर तुमच्या आईला विचारा. पण या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. ते उत्तर एका माणसापाशी जातं, आणि तो माणूस तुम्हाला फक्त 'ओरडणारे अंकल' म्हणून ठाऊक आहे.

ते शेठ या उन्हाळ्यात गेले. माणूस गेला की लोक थोड्याच दिवसांत त्याला प्रेमळ करून टाकतात, आणि शहापूरच्या बाजारात ते काम सुरूही झालं आहे. "मुलांचा फार लळा होता हो त्यांना," असं परवा औषधांच्या दुकानात मला ऐकवलं गेलं. शेठना मुलांचा अजिबात लळा नव्हता. दुकानात शिरलेल्या मुलाकडे ते भाजीच्या वाफ्यात शिरलेल्या शेळीकडे बघावं तसे बघत. तेव्हा ते पुरते प्रेमळ होण्याआधी मी लिहून ठेवते आहे.

आपल्या घराचा रस्त्याकडचा गाळा तुमच्या आजोबांनी त्यांना भाड्याने दिला, तेव्हा "खेळण्यांचं दुकान काढतोय" एवढंच ते बोलले होते. अंगाने किरकोळ, आवाजाने भरपूर. पांढरा सदरा, त्याला मोठा खिसा, आणि त्या खिशात कायम दोन प्लास्टिकच्या विटा. एकात एक बसवून घरं, विमानं, गाड्या करायच्या त्या परदेशी विटा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. शेठ फक्त त्याच विकत. बाहुली नाही, चेंडू नाही, भोवरा नाही. मी एकदा विचारलं, निदान पतंग तरी ठेवा. म्हणाले, "बाई, आमचं घराणं विटांचं हाय. कागद विकायला लावू नका."

ते खरं होतं. टोकावड्याच्या रस्त्याला त्यांच्या वडिलांची वीटभट्टी होती. त्या बाजूची निम्मी जुनी घरं त्या भट्टीच्या विटांची आहेत. वडिलांची एक रीत होती. ते कुठलीही वीट हातात घेत, दुसऱ्या विटेवर वाजवत आणि कान देऊन ऐकत. पक्की भाजलेली वीट खणखणते, कच्ची बद्द बोलते. गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर वीट बद्द वाटली तर ते ती परत घेत, एक शब्द न बोलता. आणि परत आलेली वीट पुन्हा कधी थप्पीला लागत नसे. ती फोडायची, तिचा रोडा करायचा आणि जमिनीत भरायला घमेल्याने विकायची. "परत आली ती वीट राहिली नाय, तो रोडा," असं ते म्हणत. भट्टी वडिलांबरोबर बंद झाली, पण हा शब्द टोकावड्यात अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि शेठची सगळी ऐट त्याच शब्दावर उभी होती.

म्हणून तर ते प्लास्टिकच्या विटाही वाजवून घेत. भिवंडीच्या गोदामातून टेम्पो आला की ते पहिल्या खोक्यापुढे नारळ फोडत, एक पिशवी उघडत, आतली वीट खिशातल्या विटेवर टकटक वाजवत आणि डोळे मिटून म्हणत, "अस्सल." त्या वेळी दुकानात कुणी खोकलं तरी त्यांना राग येई. नकली मालाचा त्यांना इतका तिटकारा होता की म्हशाच्या जत्रेत तसल्या विटा ढिगाने मिळतात म्हणून त्यांनी जत्रेला जाणंच सोडलं. तिथे त्यांचं कुलदैवत आहे. ते म्हणत, देव समजून घेईल.

त्यांच्या दुकानात तीन फळ्या होत्या आणि विटांच्या खोक्यांवर जे सिनेमातले महानायक येत, त्या सगळ्यांची पत त्या फळ्यांवर ठरत असे. ज्याचा पिक्चर यायचाय तो वरच्या फळीवर. ज्याचा येऊन चालला तो मधल्या. ज्याचा पडला तो खालच्या, आणि खालच्या फळीवर शेजाराला वहिनींच्या, म्हणजे शेठच्या बायकोच्या, वापरातलं फिनाईल आणि खराटा. सोमवार आला की शेठ नाक्यावर जाऊन कुठला पिक्चर किती चालला याची चौकशी करत आणि परत येऊन बदल्या करत. सगळं जग वाचवणारा, छातीवर वीज कोरलेला एक उमदा गडी एका सोमवारी दुपारी खराट्याशेजारी गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. एका आईने विचारलं, "शेठ, तोच द्या ना, पोराला आवडतो." शेठ म्हणाले, "त्याला आता कोण ओळखत नाय. तुमच्या पोराची पण ओळख जाईल." आणि वरच्या फळीवरचा महाग खोका तिच्या हातात दिला. मुलगा रडत गेला, आई खुशीत गेली. लळा म्हणतात तो हा.

आता यातली गंमत सांगते. या माणसाने आयुष्यात एकही पिक्चर पाहिला नव्हता. "मी इकतो. बघायचं काम गिऱ्हाइकाचं," हे त्यांचं उत्तर. जे काय कळे ते खोक्यावरच्या चित्रावरून. खोका पिक्चरच्या कितीतरी आधी बाजारात येतो, हे त्यांनी फार लवकर हेरलं होतं. मला बाहेर बोलावून ते खोक्यावरचं इंग्रजी वाचून घेत, चित्र उलटसुलट बघत आणि मग रविवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या पिक्चरची गोष्ट गावाला सांगत. बुरुज पडलेला दाखवलाय, म्हणजे बुरुज पडणार. म्हाताऱ्या गुरूचा पुतळा खोक्यात नाही, म्हणजे म्हातारा आधीच मरणार. बहुतेक वेळा ते खरंही निघे! शहापुरातल्या पोरांनी शेवट माहीत नसलेला पिक्चर पाहिलाच नाही असं एक-दोन वर्षं तरी झालं. पालक तक्रार घेऊन आले तर शेठ म्हणत, "पंचांग आधी येतं का सण?"

जांभळ्याही त्यांनीच नावारूपाला आणला. जांभळ्या रंगाचं चिलखत घालून आभाळात उडणारा एक परदेशी महानायक. त्याचं इंग्रजी नाव तुम्ही मला सांगितलं होतं, पण इकडे ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही आणि जांभळ्या हे बसलं. त्याचा पहिला पिक्चर जोरात चालला तेव्हा त्याच्या विटांचा एक लहानसा खोका आला होता: तो, एक चोर आणि एक भिंत. दुसरा पिक्चर येणार म्हटल्यावर मोठा खोका आला. चित्रात पुन्हा तो चोर, पडणारी भिंत, लोंबकळता पूल, पुलावर आग, आणि वर झगझगीत पिवळं हेलिकॉप्टर, ते चालवणारा जांभळ्या.

मी विचारलं, "शेठ, हा तर स्वतः उडतो. याला हेलिकॉप्टर कशाला?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "बाई, तुमी शिकलेल्या. नुसता माणूस इकून विटा किती खपतील? आठ. हेलिकॉप्टराला किती लागतात? माझा बाप घर बांधणाऱ्याला कायम सांगायचा, एक कोनाडा जास्त काढ. कोनाड्यात ठेवायला त्याच्याकडं काय नसायचं. पण विटा खपायच्या."

या धंद्याबद्दल मी नंतर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले मोठमोठे लेख वाचले. त्यांत याहून जास्त काही सापडलं नाही. पण एवढं कळणाऱ्या माणसाला त्याच्या पुढची पायरी दिसू नये, याचं मला अजून नवल वाटतं. हेलिकॉप्टर विटांसाठी काढलं असेल तर ते पिक्चरमध्ये कशाला असेल? मी त्यांना खोक्याच्या तळाची बारीक अक्षरं वाचून दाखवली: आतल्या वस्तू चित्रपटाहून वेगळ्या असू शकतात. ते म्हणाले, "बारीक अक्षर वाचायला नसतं, छापायला असतं."

त्या वेळी त्यांच्या गावचा एक ढाबेवाला दुकानात आला. टोकावड्याला घाटाच्या रस्त्यावर त्याचा ढाबा आहे, आणि लहानपणी दोघे एकाच बाकावर बसलेले, त्यामुळे तो शेठना अरे-तुरे करणारा या बाजारातला एकटाच. पोराच्या वाढदिवसाला काही घ्यावं म्हणून आला होता. किंमत ऐकून त्याने खोका काउंटरवर ठेवला.

"एवढ्यात माझ्या ढाब्याची मोरी होते रे."

"मोरी पिक्चरमध्ये दिसत नाय. हे दिसणार."

"कशावरून? तू बघितलास?"

"खोक्यावर हाय."

ढाबेवाला हसला. "तुझ्या बापाच्या विटांची माझी भिंत अजून उभी हाय. तो शब्द देऊन इकायचा. तू खोका दाखवून इकतोस. फरक पडणारच ना, बापात आनि पोरात."

दुकानात माणसं होती. बाजाराचा दिवस होता. शेठचा चेहरा मी बाजूने पाहिला, आणि मला वाटलं आता हा माणूस काहीतरी मूर्खपणाचं बोलणार. ते बोलले. खिशातल्या दोन्ही विटा त्यांनी काउंटरवर आपटल्या आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका सगळ्यांनी. हे हेलिकॉप्टर पिक्चरमध्ये दिसलं नाय, तर खोका परत. उघडलेला, मोडलेला, कसापण. भट्टीचा शब्द हाय."

आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांचं तोंड सबंध आळीत प्रसिद्ध, पण त्या वेळी त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "झालं. बापाला पण आणला दुकानात."

शब्दाने काम केलं. टेम्पोभर खोके संपले. मीही एक घेतला, तुमच्यासाठी, पुढच्या मेमध्ये तुम्ही येणार होतात म्हणून. तुम्ही आला नाहीत, आणि खोका कपाटात राहिला.

पिक्चर आला तेव्हा शेठनी भाड्याची जीप केली. आयुष्यातला पहिला पिक्चर कल्याणच्या मॉलमध्ये बघायला ते धोतर नेसून निघाले. बरोबर वहिनी, ढाबेवाला, त्याचा मुलगा, बाजारातली आणखी काही मंडळी. मला वहिनींनी ओढून नेलं. "चला बाई. विंग्रजीत काय बोलतात ते कोनीतरी सांगाया पायजे, नायतर हे आपल्या मनचं सांगतील."

शेठनी मांडीवर खोका घेतला होता. पडद्यावर उजेड पडला की ते खोका वर धरून ताडून बघत. चोर आला, "हाय." भिंत पडली, "हाय." मागच्या रांगेतून कुणीतरी "ओ काका" म्हणालं, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. आणि मग लोंबकळता पूल आला, पुलाला आग लागली, आणि शेठ उभे राहिले. "पूल आला! आता बघा वर!"

वर जांभळ्या आला. स्वतःच. उडत. त्याने पूल एका हाताने धरला, माणसं वाचवली आणि गेला.

"येईल," शेठ उभ्यानेच म्हणाले. "तेल भराया गेला आसंल."

हेलिकॉप्टर आलं नाही. पिक्चर संपला, पांढरी नावं खालून वर सरकायला लागली, पण लोक बसूनच. शेठनी विचारलं, हे कशाला बसलेत? ढाबेवाल्याचा मुलगा म्हणाला, "अजून एक सीन असतो, सगळ्यात शेवटी." शेठ परत खाली बसले. खोका छातीशी. त्या काळोखात आणि त्या लांबच लांब नावांत त्यांच्याइतक्या श्रद्धेने त्या पडद्याकडे कुणी कधी बघितलं नसेल. शेवटी तो सीन आला. समुद्रातून डोळ्याला पट्टी बांधलेला कोणी नवाच माणूस वर आला, सगळे ओरडले, शिट्ट्या झाल्या.

"हा कोन?"

"पुढच्या पिक्चरचा."

"मग त्याचं पुढं बघू. हेलिकॉप्टर कुठाय?"

दारातल्या तिकीट फाडणाऱ्या मुलीलाही त्यांनी तेच विचारलं. खोका दाखवून. ती म्हणाली, "काका, पार्किंगला बघा." परतीच्या वाटेवर पडघ्याला ढाबेवाल्याला जे हसू फुटलं ते शहापूरपर्यंत थांबलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, शब्द दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी खोके परत घ्यायला बसला. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ म्हणाले की हेलिकॉप्टर होतं, ढगाच्या मागे होतं. नंतर म्हणाले, आपल्याकडे कापून पाठवतात, अमेरिकेत पूर्ण दाखवलंय. त्यासाठी मला तुम्हाला फोन करायला लावला, आठवतं? तुम्ही म्हणालात, इथेही हेलिकॉप्टर नाही. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "पोरांनी नीट बघितलं नसंल. पॉपकॉर्न खात आसतील." मग त्यांचं मत पक्कं झालं आणि ते त्यांनी येईल त्या प्रत्येकाला सुनावलं: "खोका बरोबर हाय. पिक्चर चुकलाय."

लोक हसत आणि जात. खोका परत मागायला कुणी आलं नाही, कारण शेठशी वाद घालण्यापेक्षा खोका ठेवून घेणं सोपं होतं. पण टोकावड्याहून निरोप येऊ लागले होते. भट्टीचा शब्द राहिला नाही असं तिकडे पारावर बोललं जातं, असं त्यांच्या सख्ख्या चुलतभावाने येऊन सांगितलं. शेठनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्या आठवड्यात ते पायरीवर बसले नाहीत.

मग बाजाराच्या दिवशी ढाबेवाला आला. हातात पिशवी, पिशवीत अर्धं बांधलेलं, चावलेलं हेलिकॉप्टर.

"काय रे, हायस का घरात? का तू पन ढगाच्या मागं?"

"आत ये, आत ये. ओरडू नको."

"मी भायेरच बरा. हे घे तुझं. पोरगं रडतंय आनि बायको हसतेय."

शेठनी पिशवीत डोकावलं. "अरे पन हे चावलंय!"

"आमी अर्धी भिंत बांधून वीट परत नेली होती तुझ्या बापाकडं. त्यानं विचारलं नाय कोनी चावली."

"अरे, पिक्चर चुकला त्याला मी काय करू? माझा खोका बरोबर हाय."

वहिनी आतून आल्या. हातात पोळीचं पीठ तसंच. "तुमच्या बापानं आसं कदी सांगितलं का कोनाला, वीट बरोबर हाय, तुजं घर चुकलं?"

"तू आत जा गो."

"जाते. पन आयकून घ्या. तुमचा तो कान, अस्सल-अस्सल करनारा. खिशातल्या दोन विटांतली एक म्हशाच्या जत्रेतली हाय. धुताना पयली हरवली म्हनून मी तीच टाकली. कितीक दिस झाले. रोज वाजवताय तिच्यावर. एवडा मोठा कान आनि एवडी मोठी भट्टी!"

रस्त्यावर सगळे थांबले होते. मीही ओट्यावरून हलले नाही, ते मी कशाला लपवू. शेठनी खिशातून दोन्ही विटा काढल्या, तळहातावर ठेवल्या आणि उलटसुलट करून बघितल्या. कुठली ती, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. वहिनींना विचारायला तोंड नव्हतं. मग त्यांनी दोन्ही परत खिशात टाकल्या, ढाबेवाल्याच्या हातून पिशवी घेतली आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारात एक रिकामी भाताची गोणी आणि एक घमेलं होतं. शेठ मध्ये पाटावर. ज्याला परत करायचा त्याने खोका परत करावा आणि पैसे न्यावेत.

पण साधेपणाने काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आलेल्या प्रत्येकाला ते समोर बसवत, त्याच्या पिशवीतली एकेक वीट खिशातल्या विटेवर वाजवत, कान देत, "अस्सल" म्हणत आणि गोणीत टाकत. एकेका गिऱ्हाइकाला सकाळ जाई. लोक म्हणत, शेठ, घ्या ना एकदम. ते म्हणत, "परत देनाऱ्यानं घाई करायची नसती." काहींनी आणलेल्या विटा त्यांच्या दुकानच्या नव्हत्याच, जत्रेतल्या होत्या. रंगावरूनच मला ओट्यावरून कळत होतं. शेठनी त्याही वाजवल्या, त्यांनाही अस्सल म्हटलं, आणि घेतल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं, की कळूनही भट्टीच्या नावावर आलेलं काहीच परत पाठवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आता समजण्याची सोय नाही. वहिनी आतून बघत.

मग त्यांनी वडिलांच्या रीतीप्रमाणे रोडा केला. हेलिकॉप्टरं मोडली, पूल मोडले, आगीच्या नारिंगी ज्वाळा, जांभळी डोकी, चोर, सगळं गोणीत कालवलं. पडलेल्या नायकांची खालची फळीही त्यातच ओतली. आणि दारात बसून घमेल्याने विकायला सुरुवात केली. परत आलेली वीट ही वीट म्हणून विकायची नाही. खोका नाही, चित्र नाही, पिक्चर नाही. टोकावड्यापुढच्या वैशाखऱ्यापासूनची पोरं एसटीने येऊन घमेलं भरून न्यायला लागली. त्यांनी त्याचं काय काय बांधलं ते शेठनी कधी विचारलं नाही. "रोड्याचं काय बघायचं?" म्हणत.

ते सुधारले असं मात्र समजू नका. पुढच्या वर्षी समुद्रातून आलेला पट्टीवाला वरच्या फळीवर होता, त्याचं पंचांग पायरीवर चालू होतं, आणि आईबापांना महाग खोका गळ्यात मारणंही चालू होतं. फक्त शब्द तेवढा त्यांनी पुन्हा कधी दिला नाही.

राहिला एक खोका. माझा.

"बाई, तुमचा आना."

"मला परत करायचा नाही. तो नातवंडांचा आहे."

"पन पिक्चरमध्ये ते नव्हतं."

"ते मला माहीत आहे, शेठ. मी तिथेच होते."

यावर ते रागवायचे. भाडं द्यायला आले की विचारत, दिवाळीला फराळ घेऊन आले की विचारत. सगळ्या तालुक्यातून त्यांनी भट्टीचा शब्द सोडवून आणला होता आणि तो पलीकडच्या भिंतीआड, माझ्या कपाटात, अडकून बसला होता. मी देत नव्हते, कारण माझी वस्तू होती आणि मला ती ठेवायची होती. ते म्हणत, "तुमी शिकलेल्या म्हनून आडून बसल्या."

या उन्हाळ्यात ते आजारी पडले. गाळ्याच्या मागच्या खोलीत खाटेवर असत. एक दिवस वहिनी आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "बाई, तो खोका द्या. झोप लागत नाय त्यांना, सारखं खोका-खोका करतात. मला तर आयकवत नाय."

मी तुमची परवानगी घेतली नाही. कपाट उघडलं आणि खोका घेऊन गेले.

त्यांनी स्वतःला उठवून बसवायला लावलं. खोका हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. "शील हाय. बाई, तुमी उघडलापन नाय? एवढी वर्सं घरात वीट, आनि वाजवून बघितली नाय?"

मी म्हणाले, "वाजवा ना आता."

त्यांनी शील फोडलं. हो, मुलांनो, तेच. पिवळी पिशवी दातांनी फाडली, एक वीट काढली, खिशातली एक काढली आणि कानाशी धरून वाजवली. खिशातल्या दोन्ही त्याच होत्या, त्यांनी कधी बदलल्या नव्हत्या. "अस्सल," म्हणाले. दारात वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, मी विचारलं नाही.

मग त्यांनी गोणी खाटेजवळ ओढायला लावली आणि सगळा खोका तिच्यात पालथा केला. पंखा, शेपटी, जांभळ्या, सगळं. हात कोपरापर्यंत घालून ढवळलं, आणि पैसे मी घेणार नाही हे ठाऊक असल्यामुळे घमेलं भरून माझ्यापुढे केलं. "हे तुमचं. परत आलेल्या मालाबद्दल." घमेल्यात बहुतेक काळे तुकडे होते, कुणातरी पडलेल्या नायकाच्या गाडीची चाकं आणि एक तोंड नसलेलं डोकं. हेलिकॉप्टरचा एकही नव्हता.

"आता भायेर कोनाकडं काय नाय," ते म्हणाले आणि आडवे झाले. रिकामा खोका त्यांनी वहिनींना पंख्यासारखा वारा घालायला दिला.

तेव्हा तुमच्या शौकिनांना सांगा की जांभळ्याचं पिवळं हेलिकॉप्टर आता आपल्याकडे नाही. गाळा वहिनी चालवतात, आणि फळ्यांवर कोण कुठे बसेल याची त्यांना पर्वा नाही. भाताची गोणी दारात आहे. माझं घमेलंभर कपाटात आहे, तुमचं म्हणून ठेवलेलं. गोणीतून अजून पिवळे तुकडे निघतात.